कुणाच्याच वाटणीला न आलेला महिना

आधीच सांगते, मला कुणी घरातनं हाकललेलं नाही. जिथं गाडी लावते तिथं पहिल्या दिवशी बायका येतात, पदर तोंडाला लावून आत डोकावतात, शेगडी बघतात, भांड्यांची फळी बघतात, पलंग दाबून बघतात आणि हळू आवाजात विचारतात, "पोरं सांबाळत न्हाईत व्हय?" मी म्हणते, "सांबाळत्यात की. चांगली दोन हायत, धडधाकट. मीच सांबाळून घेत न्हाय." मग त्या हसतात आणि फॉल लावायला आणलेली साडी पिशवीतनं काढतात.

माझं घर म्हणजे आमचा जुना टेम्पो. एके काळी ह्यातनं पेरूची नि डाळिंबाची क्रेटं मार्केटला जायची. आता हौद्यावर पत्र्याचं छत आहे, एका बाजूला खिडकी, मागं दार आणि दाराला आतून कडी. त्या कडीचं मला फार अप्रूप. आत पलंग, पलंगाखाली पाण्याचे कॅन, कोपऱ्यात पडदा लावलेली मोरी, टपावर सोलरची पाटी आणि दाराशी पिको-फॉलचं मशीन. फळ्यांना अजून पावसाळ्यात पेरूचा वास सुटतो. टेम्पोच्या कपाळावर लाल अक्षरांत लिहिलंय, 'आईचा आशीर्वाद'. पोरांनीच हौसेनं पेंटर आणून ते रंगवून घेतलेलं. मी पुसलं नाही. असू दे, येता-जाता वाचतील तरी.

गाडी मी स्वतः चालवते, त्याचंही लोकांना नवल. अहो, उसात ट्रॅक्टर मी चालवायची. मालकांना हार्टचा त्रास सुरू झाला तसा टेम्पोही माझ्याच हातात आला. लायसन रीतसर काढलं, बारामतीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरींच्या लायनीत उभी राहून. मालक शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "ब्रेक हळू दाब, मागं पेरू हायत, दगडं न्हाईत." हँडब्रेक तेव्हापासूनच ढिला. उतरलं की टायरखाली दगड लावायचा, हा आमचा रिवाजच. टेम्पो त्यांनी माझ्या नावावर घेतला होता. जाताना बाकी काही बोलले नाहीत, पण तेवढं एक शहाणपण करून गेले.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पोरं वाटणीला बसली. थोरला आमच्या गावी, निरवांगीला, शेती बघतो. धाकटा बारामतीला कंपनीत आहे, फ्लॅट घेतलाय, त्याचं रान वाटेकरी करतो. पंच म्हणून माझे चुलत दीर बसले, त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. रान झालं, जनावरं झाली. विहीर सामाईक ठेवली आणि पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं. मग तात्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आता वयनींचं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.

"वयनींचंबी पाळीनंच करा. एक म्हैना हितं, एक म्हैना बारामतीला. मराठी म्हैना धरा, अवस झाली की हलवायचं. चैत थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, पुढं तसंच."

मला कुणी विचारलं नाही. पोरांनी मान हलवली, सुनांनी हलवली, आणि मी आपला चहा वाटला. आज आठवलं की वाटतं, तो ट्रे तिथंच आपटायला पाहिजे होता.

खोटं कशाला बोलू, दोन्हीकडं पोटाला कमी पडलं नाही. सुना काही वंगाळ नाहीत. पण बारामतीच्या गॅलरीत लावलेलं रोप मी परत जाईस्तोवर वाळून गेलेलं असायचं, आणि निरवांगीला माझ्या कोनाड्यात दर खेपेला दुसऱ्याच कुणाची वस्तू असायची. महिना सरत आला की माझ्या लुगड्यांच्या घड्या आपोआप पिशवीत जाऊन बसायच्या. विहिरीच्या पाळीत घटकाभर पाणी कमी मिळालं तर हेच दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर जायचे. माझ्या पाळीत चार दिवस कमी भरले तर कुणाचीच तक्रार नसायची.

असं चाललं होतं आणि अधिक श्रावण आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. दर तीन वर्षांनी येणारा हा जादा महिना, ह्यात जावयाला सासरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून खाऊ घालायचे, अंगावर कापडं घालायची. तात्यांनी बारा महिने वाटले होते. हा तेरावा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

आषाढ धाकट्याचा. अवस झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला कारमध्ये घातलं आणि निरवांगीला आणून सोडलं. कारमध्ये त्याची बायको नटूनथटून बसलेली. त्यांना तिथनं पुढं तिच्या माहेरी धोंड्याचं जेवायला जायचं होतं. इकडं थोरलाही नवी कापडं घालून अंगणात उभा. त्यालाही सासुरवाडीचं बोलावणं. मला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हिला आज कशाला आणलीस? माझा श्रावण. ह्यो धोंडा हाय. श्रावण लागायचाय अजून."

"अधिक श्रावण म्हणजे श्रावणच की," धाकटा म्हणाला. "कॅलेंडर बघ."

"मग मी काय दोन-दोन श्रावण सांबाळू?"

"आणि मी काय दोन आषाढ?"

झालं, जुंपली. तात्यांना बोलावणं गेलं. तात्या आले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरनं काढलं, पानं पुढं केली, मागं केली. "च्यामारी, हे ध्यानातच आलं न्हाय," म्हणाले. मग त्यांनी तोडगा काढला, निम्मा-निम्मा करा. त्यावर पहिला निम्मा कुणाचा ह्यावरनं पुन्हा जुंपली, कारण जेवणं दोघांचीही पहिल्याच आठवड्यात.

मी बोचकं काखेत धरून उन्हात उभी होते. पाऊस पाठ फिरवून बसलेला, श्रावण कसला नि काय, नुसतं रटरटतं ऊन. थोरली सून दाराआड, धाकटी कारमध्ये काच वर करून. उभं राहून राहून माझे पाय भरून आले म्हणून मी अंगणात लावलेल्या टेम्पोच्या पायरीवर जाऊन बसले. बसले आणि वर बघितलं तर आत किल्ली गाडीलाच लोंबकळत होती.

तेव्हा माझं टाळकं सटकलं. आयुष्यात इतका राग मला कधी आला नव्हता, मालक गेले तेव्हा देवाचाही आला नव्हता. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "तात्या, ह्यो म्हैना कुणाच्याच वाटणीचा न्हाय, व्हय ना?"

"तसंच झालंय खरं, वयनी."

"मग ह्यो माझा."

बोचकं केबिनमध्ये टाकलं. खाली वाकून टायरखालचा दगड काढला. थोरला पळत आला आणि त्यानं पायानं दगड परत टायरखाली सारला. "आये, तमाशा करू नगंस. लोकं बघत्यात." मी तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणाभोवतीच्या शेराच्या कुपाटीत भिरकावला. "आता बघू दे लोकास्नी," म्हटलं, "मगाधरनं मी उन्हात उबी हाय ते न्हाय बघितलं कुणी." पदर खोचला आणि गाडी काढली. आरशात दिसत होतं, दोघंही भाऊ तोंड उघडं टाकून एकमेकांना चिकटून उभे होते. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं बघितलं.

गेले कुठं? भिगवणला. तिथं माझी लेक असते, हायवेला तिच्या नवऱ्याची मासळीची खानावळ आहे. लेकीच्या घरी आईनं राहायचं नसतं म्हणे. बरं, नाही राहिले. खानावळीच्या बाजूला लिंबाखाली गाडी लावली आणि हौद्यात ताडपत्रीखाली राहिले. जावई म्हणाला, "आत्या, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणतील ते म्हणतील, तुमी तेवढं पाणी भरू द्या." मासळीच्या खानावळीत वेगळी कढई मांडून त्याला धोंडे करून घातले. लेक पाठमोरी होऊन डोळे पुसत होती. मी मात्र त्या महिन्यात पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

महिना सरला, निज श्रावण लागला आणि थोरला हजर. "चल आये. आता माझा म्हैना लागला." कसं बोलला बघा. जणू विहिरीवर मोटर चालू करायला आलाय. मी म्हटलं, "मला तुझा म्हैना नगं. माझाच म्हैना अजून संपला न्हाय." तो चिडला, ओरडला, पेरूची क्रेटं कशातनं न्यायची म्हणाला. मी म्हटलं, "टेम्पो कुणाच्या नावावर हाय, ते बघून ये जा." गेला पाय आपटत.

त्यानंतर बारामतीला मालकांच्या ओळखीतल्या मिस्त्रीकडं गाडी नेली. मुसलमान माणूस, टेम्पो-ट्रकच्या बॉड्या बांधतो, मालक नि तो दिवसचे दिवस चहा पीत बसायचे. मी त्याला सांगितलं, ह्याचं घर करून द्या. तो डोकं खाजवत म्हणाला, "वयनी, आजवर मी ह्यात कांदं बसवलं, शेरडं बसवली, माणूस कवा बसवला न्हाय." मग आम्ही दोघांनी खडूनं फरशीवर पलंग काढला, मी त्यावर आडवी होऊन दाखवलं, कामावरची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. पासिंगला खेटे घालून चपला झिजल्या, पण झालं. कडी बसवताना त्यानं विचारलं, बाहेरनं लावू का आतनं? मी म्हटलं, "दोन्हीकडनं लावा. पर आतली मजबूत पायजे."

तेव्हापासून मी रस्त्यावर आहे. कधी निमगाव केतकीच्या बाजारी, कधी बारामतीत कालव्याकडेला, हिवाळ्यात भिगवणला पाण्याकाठी. एका गावात साड्या साचतात तेवढे दिवस राहायचं आणि पुढं सरकायचं. सगळं गोडच आहे असं नाही. चैत्र-वैशाखात पत्रा असा तापतो की दुपारी झाडाखाली बाज टाकावी लागते. पाणी पंपावरनं भरायचं, तिथला माणूस चांगला असला तर बरं, नाहीतर तोंड वाजवायचं. आजारी पडले तर लेकीकडं फोन. पण सकाळी दार मी उघडते आणि कडी मी लावते. माझ्या फळीवर माझाच डबा असतो. तुळशीची कुंडी केबिनमध्ये असते, माझ्याबरोबर गावोगाव हिंडते आणि चांगली फोफावली आहे.

मागच्या हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला पुण्याचं एक जोडपं आलं होतं, भलीमोठी झकपक गाडी घेऊन. आत फ्रीज, कमोड, काय विचारू नका. माझ्याशेजारीच लावली. ती पोरगी माझा फोटो काढत म्हणाली, "आजी, तुम्ही पण व्हॅनलाइफ?" मी म्हटलं, "व्हय बाई, मीबी तेच." तिचे आईबाप म्हणे सगळ्यांना कौतुकानं सांगतात, आमची लेक गाडीत राहते. तिनं केलं की हौस, आणि मी केलं की पोरांची अब्रू गेली!

कारण पोरांची अब्रू खरंच टांगणीला लागली होती. गेल्या वर्षी थोरल्याच्या पोरीचं, माझ्या नातीचं लग्न झालं. लग्नाला मी गेले, पण टेम्पो मंगल कार्यालयाच्या पार मागं, जनरेटरजवळ लावायला सांगितला. का, ते मला मागाहून कळलं. नव्या पाहुण्यांना थोरल्यानं सांगितलं होतं, आई बारामतीला धाकट्याकडं असते. आणि धाकट्यानं सांगितलं होतं, आई गावी थोरल्याकडं असते. दोघांनी मला एकमेकांच्या घरी ठेवली होती, तीही एकाच वेळी!

आणि आता यंदा पुन्हा धोंडा आला, अधिक ज्येष्ठ. आता थोरला स्वतः सासरा झालेला. नव्या जावयाला घरी जेवायला बोलावलेलं, आणि जावई म्हणाला, आजी पण असू दे, पाया पडायचंय. मग थोरला निमगावला मला शोधत आला. ह्या खेपेला ओरडला नाही. पायरीवर बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "आये, आता बास कर. घरी ये. टेम्पोला गिऱ्हाईक बघितलंय मी. धोंड्याच्या जेवणाआदी इकून टाकू. पावण्यांम्होरं मला खाली बघाय लावू नगंस."

"आनि न्हाय इकला तर?"

तो पायरीवरनं उठला. मग म्हणाला, "मग माझ्या दारात येऊ नगंस. मला आई न्हाय, असं समजीन."

तो गेल्यावर मी रडले. लपवत नाही. ज्याला कडेवर घेऊन ऊस खुरपला, त्याचं ते बोलणं आतड्याला लागलं. साडी मांडीवर तशीच पडून राहिली, टाका सुचेना. एकदा मनात आलंही, द्यावा विकून, किती वर्षं राहिली आता माझी, बसावं कोनाड्यात. मग वाटलं, बसेन, पण कुणाच्या कोनाड्यात? आणि किती दिवस? मी डोळे पुसले आणि मोबाइलवरनं लेकीला सांगितलं, धोंड्यांसाठी चण्याची डाळ आणून ठेव.

जावयाच्या जेवणाच्या दिवशी सकाळी मी निरवांगीला गेले. टेम्पो घेऊनच गेले. सरळ अंगणात, मधोमध, दारासमोर लावला, दगड लावला, मागचं दार उघडलं आणि कढई चढवली. थोरल्याचा चेहरा पांढराफटक. धाकटाही आलेला, तो मोबाइलात तोंड घालून बसला. तात्या बाजेवर होते, म्हणाले, "वयनी, आत चला की." मी म्हटलं, "मी आतच हाय, तात्या. तुमीच भाईर हायसा."

नात आणि तिचा नवरा मोटरसायकलवरनं उतरले. जावई टेम्पोकडं बघत राहिला. सगळ्या अंगणाला वाटलं आता ही पोर लाजेल. तर ती पळत आली, माझ्या गळ्यात पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवो, ही माझी आजी. ह्यातच ऱ्हाती. या ना, वर या." तो चपला काढून वर आला, पाया पडला आणि पलंगावर बसला. थोरल्यानं घरात पाट, रांगोळी, सगळं मांडलं होतं. जावयानं पहिला धोंडा माझ्या हातचा खाल्ला, पेरूच्या वासाच्या फळ्यांना टेकून. "आजी, मला वाटलं तुम्ही बारामतीला असता," म्हणाला. मी म्हटलं, "असते की. बारामतीला असते, निमगावला असते, भिगवणला असते. लोकं खोटं न्हाईत सांगत." थोरल्यानं मान खाली घातली. जावई हसला आणि त्यानं आणखी एक धोंडा मागून घेतला.

दुपारी नात नि जावई गेले. मी भांडी विसळून फळीवर लावली आणि निघायची तयारी केली. तेव्हा दोघं भाऊ जवळ आले. त्यांचं आपसात काहीतरी ठरलेलं दिसत होतं. धाकट्यानं सुरुवात केली. "आई, आम्ही बोललो. मागच्या खेपेला घोळ झाला, मान्य. आता तसं होणार नाही. आता आपण इंग्रजी महिने धरू. जानेवारी दादाकडं, फेब्रुवारी माझ्याकडं. त्यात अधिक महिना येतच नाही."

तीन वर्षं! तीन वर्षं डोकं चालवून ह्यांनी हे काढलं.

"आरं," मी म्हटलं, "चूक काय कॅलेंडरात व्हती व्हय? त्या दिशी मी उन्हात उबी व्हते. तुमच्यातल्या एकानं, एकानं तरी म्हनायचं, आई, आत ये, पाणी पी, मग बगू म्हैना कुनाचा. तेवढं म्हनला असतात तर आज मी तुमच्या दारात मेले असते खुशाल. आता न्हाय. आता मला कुनाच्याच म्हैन्यात बसवू नगा."

तात्यांनी तोंड फिरवलं.

"मग आमी काय करायचं?" थोरल्यानं विचारलं. आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा.

"यायचं. मी कुठं हाय ते फोनवर सांगीन. यायचं, बसायचं, जेवायचं, जायचं. पाळी लावू नगा, वाटंल तवा या. आनि दार ठोकून या, माझं घर हाय ते."

केबिनमध्ये चढले, गाडी सुरू केली आणि आठवलं, दगड राहिलाच. उतरायला दार उघडलं तर थोरला पुढं जाऊन टायरापाशी वाकला होता. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.

त्यानं दगड काढला. दोन्ही हातांनी उचलून आणला आणि केबिनमध्ये, माझ्या पायांशी, तुळशीच्या कुंडीशेजारी नीट ठेवला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "पुढं लागंल."